सासरा लग्नाआधी कोण लागायचा?

फ्रीजर उघडण्याआधी बाई चपला काढत.

घरातला फ्रीज नव्हे हा. कपाटाएवढा, सतत घरघरणारा, आत हात घालायला जाड मोजे लागायचे असा. त्यात बारक्या नळ्यांमध्ये आम्ही जमवलेलं रक्त असायचं. बाई दारासमोर येत, चपला भिंतीकडे सारत आणि मग हातमोजे चढवत. नव्यानं लागलेल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आत देव बसवलाय का?"

"देव असता तर त्यानं समजून घेतलं असतं," बाई म्हणाल्या. "आत माणसं आहेत."

पुढं सुरक्षेचे नियम बघणारे एक साहेब आले आणि प्रयोगशाळेत अनवाणी फिरायचं नाही म्हणाले. बाईंनी ते लगेच मान्य केलं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा जोड आणला आणि तो फक्त फ्रीजरपुढं घालायला ठेवला. नियमही पाळला गेला आणि रस्त्यावरची चप्पल माणसांपुढं गेली नाही ती नाहीच.

बेळगावातल्या एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात मी समाजसेवक म्हणून लागलो आणि बाईंच्या हाताखाली आलो. रक्त काढणारे वेगळे होते, यंत्रं चालवणारे वेगळे. माझं काम गावोगाव जायचं, लोकांत बसायचं, रक्त कशाला हवंय ते समजावायचं, संमती घ्यायची आणि प्रश्न विचारायचे. मी मूळचा निपाणीचा. माझी आई तिथल्या तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. निवडता निवडता खायचीही. तोंडाच्या कॅन्सरनं गेली. तिच्या गालात पांढरा चट्टा दिसायला लागल्यावरही कोपऱ्यावरच्या दुकानातून तिची पुडी मीच आणून देत होतो. "आण रं एवढी, उद्यापास्नं सोडतो," असं ती म्हणायची आणि मी आणायचो. हे मी आतापर्यंत बऱ्याच जणांना सांगितलं आहे. सांगून काही हलकं होत नाही, तरी सांगतो. तो माझा स्वभावच आहे.

बाईंना हा स्वभाव पहिल्या आठवड्यातच कळला. नळीवरची चिठ्ठी तिरकी लागली, मी माफी मागितली. बस उशिरा आली, मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, बस तुम्ही चालवता काय?"

आमचा विषय तोंडाच्या कॅन्सरचाच होता. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू खाणारे पुष्कळ, पण खाणाऱ्या प्रत्येकाला हा रोग होत नाही. एकाला होतो, शेजारच्याला होत नाही, असं का, हा बाईंचा प्रश्न. आपल्या पेशींत आरएनएचे अगदी लहान तुकडे असतात. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. ते स्वतः काही घडवत नाहीत, दुसऱ्या जनुकांच्या कामाला आवर घालतात. हे तुकडे ज्या जनुकांतून तयार होतात, त्यांतलं एखादं अक्षर काही माणसांत जन्मापासूनच वेगळं असतं. त्या वेगळ्या अक्षरामुळं आवर ढिला पडतो का, आणि अशा माणसाला तंबाखू जास्त बाधतो का, हे आम्ही शोधत होतो. एका बाजूला रोगी. दुसऱ्या बाजूला त्यांच्याच वयाची, तेवढाच तंबाखू खाणारी, पण धडधाकट माणसं. दोन्ही बाजूंच्या रक्तातलं ते अक्षर पडताळून बघायचं.

बाई निपाणीकडच्याच एका जैन व्यापारी घरातल्या. वडील तंबाखूचे व्यापारी. "आमच्या घराच्या विटा तंबाखूच्या," असं त्या कुणालाही सांगत, अगदी मोठमोठ्या पाहुण्यांनासुद्धा. माणसांशी मराठीत बोलत, रागावल्या की कन्नडमध्ये, आणि यंत्रांशी इंग्रजीत, कारण "त्यांना दुसरं काही शिकवलेलं नसतं." बेळगावच्या कॅम्प भागातल्या घरातून जुन्या स्कूटरवरून येत. पायाशी बर्फाची पेटी असली की गुडघे हँडलला लागत, पण पेटी मागं बांधायला त्यांनी कधी कुणाला दिली नाही.

सूर्य बुडायच्या आत जेवायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज त्यांनी प्रयोगशाळेतही सोडला नाही. एकदा दिल्लीहून समिती तपासणीला आली होती. अध्यक्ष एक लांबलचक प्रश्न विचारत होते. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं, पिशवीतून डबा काढला आणि ज्वारीची भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी समोर मांडली. "तुम्ही विचारा," त्या म्हणाल्या, "मी ऐकतेय. सूर्य काही समितीसाठी थांबायचा नाही." अध्यक्षांनी डब्याकडं बघितलं. मग म्हणाले, "चटणी जरा इकडे सरकवाल?" आमचा प्रकल्प मंजूर झाला. चटणीमुळं झाला असं मी म्हणत नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. "रक्त घेतलं की जबाब द्यायचा." रक्ताचं काय झालं, त्यातून काय कळलं, हे ज्यांनी ते दिलं त्यांना आधी सांगायचं, मग जगाला. दुसऱ्या विभागांतले लोक याला वेळ घालवणं म्हणत. बाई म्हणत, "उसनं भांडं परत देताना रिकामं देत नाहीत आपल्यात. तसंच हे."

पहिल्या निकालाचा दिवस मला आठवतो. बाई संगणकाच्या पडद्यापुढं बसल्या होत्या आणि मी मागं उभा होतो. रोग्यांत ते वेगळं अक्षर भरपूर, धडधाकट माणसांत जवळपास नाहीच. इतका मोठा फरक. बाईंना निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. त्यांची सगळी नोकरी ज्या एका उत्तरामागं गेली, ते उत्तर पडद्यावर होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं.

आणि मी? मला रडू येत होतं. अक्षर दोषी ठरलं होतं. आईच्या रक्तात ते अक्षर असेल तर पुडीचं काय राहिलं? बाईंनी वळून माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही आज लईच खुशीत दिसता," त्या म्हणाल्या. "निकालामुळं की सुटल्यामुळं?"



संस्थेनं समारंभ ठरवला. मोठे पाहुणे, वर्तमानपत्रवाले, प्रवेशद्वारावर बाईंच्या फोटोचा फ्लेक्स. समारंभाच्या आधी बाई निपाणीला निघाल्या, जबाब द्यायला. मी बरोबर होतो.

वखारीतल्या बायका काम थांबवून पोत्यांवर बसल्या. या वखारीची मुकादमीण आक्काताई. पंचक्रोशीतून धडधाकट माणसं जमवायला मला तिचीच मदत झाली होती. मी नुसतं वय आणि सवय सांगायचो, ती माणूस हजर करायची. "माणसं आणायचं माझ्याकडं लागलं," असं ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती आणि मी निर्धास्त झालो होतो.

बाई उभ्या राहिल्या. वडगावच्या मागावरची सुती साडी, पदर खोचलेला.

"पेशी म्हणजे खटल्याचं, माणसांनी भरलेलं मोठं घर," त्या म्हणाल्या. "चुलीपुढं सुना. कोण भाकरी करते, कोण आमटी. आणि माजघरात एक सासू बसलेली. स्वतः काही रांधत नाही."

"आमच्यावानीच की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"ती फक्त एवढंच म्हणते, 'पुरे गं आता.' मग सून तवा उतरवते. आता समजा, एखाद्या घरात सासूची जीभ जन्मापासून जड. ती पुरे म्हणते, पण सुनेला नीट ऐकू येत नाही. सून थापतच बसते. भाकऱ्यांचा ढीग, घरात पाय ठेवायला जागा नाही. गाठ म्हणजे तेच. न थांबलेला स्वयंपाक. आणि तुमचा तंबाखू काय करतो? चुलीत जाळ घालतो. जाळ बारीक असता तर जड जिभेच्या सासूवरही निभावलं असतं."

बायका खुदूखुदू हसत होत्या. पण सगळ्यांना समजलं होतं, ते दिसत होतं. तेवढ्यात पुढं बसलेली एक तरणी सून म्हणाली, "मॅडम, आमच्यात सासूचं ऐकू न यायला काय झालंय? माझी सासू म्हंजे माझी सख्खी आत्या. बारकी असल्यापास्नं तिचं वरडणं ऐकून कान किटलं!"

सगळी वखार हसली. बाईही हसल्या. मग त्यांचं हसणं मधेच थांबलं.

"सख्खी आत्या?"

"व्हय. आत्याच्या घरातच दिलंय मला."

"आणि तुम्हाला?" बाईंनी शेजारणीला विचारलं.

"माझा सासरा माझा थोरला मामा. आन माझी नणंद माझ्या भावाला दिल्या."

"तुम्हाला हो?"

"मी हिची चुलत जाऊ. पर त्याच्या आधी मावसभन."

"यांतल्या कुणाकुणाचं रक्त आम्ही घेतलंय? हात वर करा."

हात वर झाले. जवळजवळ सगळेच.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी आक्काताईला म्हणालो, "आक्का, मी विचारलं न्हवतं व्हय, एकमेकांत रक्ताचं नातं हाय का म्हणून?"

"विचारलंस की. आन आमी न्हाय म्हनालो."

"मग हे काय?"

"हे पावण्यांचं नातं, बाळा," आक्काताई मला समजावत म्हणाली. "एकदा लगीन झालं की आत्या कुठली ऱ्हाती? ती सासू हुती. रक्ताचं म्हंजे भाऊबंद. त्यातलं कुणी न्हाय हितं."

ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडं असंच आहे. मुलीचं आत्याच्या किंवा मामाच्या घरी लग्न लागलं की त्या दिवसापासून आत्या सासू होते आणि मामा सासरा. जुनं नातं नव्या नात्याखाली झाकून जातं आणि परत कुणी त्याचं नाव काढत नाही.

"तुमची बायको कोण लागते तुमची?" बाईंनी मला हळूच विचारलं.

"मामाची मुलगी."

"तरी ध्यानात आलं नाही?"

"तरी," मी म्हणालो.

घोटाळा काय झाला होता, तो सांगतो. आमचे रोगी गावोगावचे होते. पण धडधाकट म्हणून घेतलेली माणसं पुष्कळशी दोनचार घराण्यांतलीच निघाली, पिढ्यान् पिढ्या आपसांत मुली देणारी-घेणारी. त्या घराण्यांत ते वेगळं अक्षर मुळातच विरळ. आम्हाला वाटलं, निरोगी माणसांत ते सापडत नाही. खरं म्हणजे ते त्या घरांत सापडत नव्हतं.

परतीच्या लाल बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या. संकेश्वरच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता आणि सूर्य खाली चालला होता. बाईंनी मांडीवर डबा उघडला. मी म्हणालो, "बाई, चूक माझी. मी तिथलाच. मला कळायला पाहिजे होतं. तुमची सगळी नोकरी..."

"भाकरी घ्या."

"नको. आणि आईचंही. मी पुडी आणून देत होतो. त्या दिवशी निकाल बघून मला वाटलं होतं..."

"वाटलं होतं ते मला दिसलं होतं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "हे बघा. तुमच्या आईनं निवडलेला तंबाखू कदाचित माझ्या वडिलांनी विकला असेल. त्या पैशावर मी शिकले. तेव्हा अपराध्यांची रांग लावायचीच असेल तर माझा नंबर तुमच्या पुढं आहे. मागं उभे राहा. आणि रांग पुढं सरकेपर्यंत भाकरी खा."

मी खाल्ली.

"आणि अक्षर दोषी ठरलं असतं," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तरी तुमच्या आईचं उत्तर आमच्याकडं नव्हतंच. आम्ही हजारात किती, एवढंच सांगू शकतो. एका माणसाचं का झालं, ते आमच्या यंत्रातून निघत नाही."

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या प्रमुखांनी आम्हा दोघांना बोलावलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. "आकडे तर खरेच आहेत ना, मॅडम?" ते म्हणाले. "एवढं पार पडू द्या. शंका काय ती नंतर बघू."

"आकडे खरे आहेत," बाई म्हणाल्या. "माणसं खोटी नाहीत. पण ती निराळी निराळी नाहीत, एकच घर आहे ते. एका घराला विचारून मी गावाचं मत सांगणार नाही."

समारंभ झालाच. प्रमुखांना आशा होती की माइक हातात आल्यावर बाई सावरून घेतील. बाई उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "आज जो निकाल मी सांगायचा होता, तो मी मागं घेते." मग आत्या, मामा, सासू, सासरे, सगळं सविस्तर सांगितलं. पाहुणे पत्रिकेकडं बघत होते. मला बसवेना. मी मधल्या रांगेत उभा राहिलो आणि ओरडलो, "चूक त्यांची नाही! नाती विचारायचं काम माझं होतं!"

"सुम्न कूडरी!" बाई माइकवरूनच गरजल्या. गप्प बसा, असं कन्नडमध्ये, म्हणजे खऱ्या रागात. मग सभेकडं वळून मराठीत म्हणाल्या, "हे गृहस्थ रोज सकाळी चहाबरोबर एक अपराध घेतात. यांच्याकडं लक्ष देऊ नका. प्रश्न मी लिहिला होता, यांनी तो फक्त विचारला. प्रश्नच चुकीचा होता. चूक माझ्या नावावर राहील. यांना हवी असेल तर यांनी दुसरी शोधावी."

सभा हसली. मी खाली बसलो. माझे कान लाल झाले होते, पण त्या क्षणी त्या मंचावर उभ्या असलेल्या बाईंच्या हाताखाली मी काम करतो, या गोष्टीचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढं आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा वाटला. हातातलं सगळं त्यांनी स्वतःहून खाली ठेवलं होतं आणि त्यांचा आवाज जरासुद्धा कापला नव्हता.

फ्लेक्स बाई घरी घेऊन गेल्या. पावसाळ्यात स्कूटरवर झाकायला. फोटोची बाजू आत.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. बाई निवृत्त झाल्या, पण येत राहिल्या. "रक्ताचं नातं आहे का?" हा प्रश्न त्यांनी खोडला आणि त्या जागी नवे प्रश्न घातले. आजोळ कुठलं? आईचं माहेर कुठलं? आणि शेवटचा, त्यांचा सगळ्यांत लाडका: सासरा लग्नाआधी तुमचा कोण लागायचा? खानापूरच्या खेड्यांत, संकेश्वरला, वडगावात मागांच्या खडखडाटात मी हा प्रश्न ओरडून विचारत फिरलो. लोक हसायचे. "लग्नाआधी? लग्नाआधी सासरा कुठला, साहेब?" आणि हसता हसता खरं सांगून टाकायचे.

दुसरा निकाल आला तेव्हा फरक होता, पण बारीक. ज्यांच्यात ते अक्षर वेगळं होतं, त्यांना धोका थोडासा जास्त. तंबाखूचा वाटा त्याहून कितीतरी मोठा. बैठकीत एक तरुण डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा फरकासाठी एवढा खटाटोप?"

"बारीक आहे," बाई म्हणाल्या, "पण कुणाच्या आत्याचा नाही."

हाही जबाब द्यायला आम्ही वखारीत गेलो. आक्काताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आमचं पयलं रक्त फुकट गेलं म्हना."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या रक्तानं मला खोटं बोलण्यापासून वाचवलं. असं काम करणारं रक्त माझ्याकडं दुसरं नाही." मग त्यांनी आक्काताईला तोंड उघडायला लावलं आणि गालाच्या आत टॉर्च मारला. चट्टा नव्हता. "जाळ बारीक करा," त्या म्हणाल्या. "जमलंच तर विझवा." आक्काताईनं कमरेची पुडी काढून माझ्या हातात दिली. आईची पुडी मी तिच्याकडं नेत होतो. ही उलट दिशेनं आली. ती मी कुठं टाकली, ते मला आठवत नाही. टाकली, एवढं आठवतं.

परवा निपाणीत एका वेगळ्याच संस्थेचं शिबिर होतं. विषय दुसरा, माणसं नवी. मी आणि माझी बायको दोघंही रक्त द्यायला गेलो. टेबलाशी एक तरुण मुलगी बसली होती. नाव, वय, गाव झालं. मग तिनं पेन थांबवलं आणि विचारलं, "काका, तुमचे सासरे लग्नाआधी तुमचे कोण लागायचे?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो. "हा प्रश्न कुणी सांगितला तुम्हाला?"

"सांगितला म्हणजे? असतोच हा इकडं. सगळ्याच अभ्यासांत असतो. का हो?"

"काही नाही. मामा लागायचे."

"मग दोघांपैकी एकाचंच चालेल, काका. तुम्ही ठरवा."

मी बायकोला पुढं केलं आणि बाकावर बसून राहिलो. नाकारला गेलो आणि ऊर भरून आला, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मुलीला बाईंचं नाव सांगावं असं जिभेवर आलं होतं. नाही सांगितलं. बाईंना ते आवडलं नसतं.

पण बाईंच्या घरी फोन लावल्याशिवाय मला राहवलं नाही. बाई आता फारशा बाहेर पडत नाहीत. मी सगळं सांगितलं. मुलगी, टेबल, प्रश्न, "सगळ्याच अभ्यासांत असतो." पलीकडून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज तेवढा आला. बाहेर ऊन कलत होतं.

"मग कुणाचं दिलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हिचं."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. "तुमचं रक्त नळीत बसून नुसती माफी मागत राहिलं असतं."